जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर: नेमका कोणता ते ओळखणं आणि बदलणं

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या फ्लँजची (इंजिनावर आवळायच्या सपाट कडेची) भोकं जुळली म्हणजे कार्ब्युरेटर जुळला, असं नाही. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन कार्ब्युरेटर दोन वेगळ्या इंजिनांसाठी बनवलेले असू शकतात. फरक आत असतो: जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचं) माप, जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या नीडलचा उतार, व्हेंच्युरीचा (गळ्यातल्या अरुंद भागाचा) व्यास, डिस्ट्रिब्यूटरकडे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची नळी थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या पाकळीच्या) वर उघडते की खाली. चुकीचा बसवला तर गाडी सुरू होते, बऱ्यापैकी चालतेही. मग वर्षभर कधी झटके मारते, कधी पेट्रोल पिते, कधी चढावर दम टाकते आणि मालक एकेक सुटा भाग बदलत बसतो. म्हणून नंबर वाचायचं काम आधी, पाना हातात घ्यायचं नंतर.

आधी दोष कार्ब्युरेटरचाच आहे का

कार्ब्युरेटरच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इग्निशनच्या निघतात. पॉइंटमधलं अंतर, कंडेन्सर, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), प्लग, टॅपेट आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन हे सगळं आधी तपासा. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीजवळच्या ठिकाणी गरम इंजिनावर आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर असायला हवा. दर १००० फूट उंचीमागे साधारण एक इंच कमी धरा. काटा ठरावीक तालात खाली झटके देत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहा. स्थिर आहे पण बराच खाली आहे, तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा खेचली जाते आहे.

हवा खेचण्याची नेहमीची जागा म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल (पाकळीचा दांडा). लिव्हर बोटांत धरून वर-खाली हलवून पाहा. स्पष्ट खडखड लागली तर स्पिंडल आणि त्याची भोकं दोन्ही झिजली आहेत, आणि हा झिजलेला कार्ब्युरेटर कितीही स्क्रू फिरवले तरी आयडल धरणार नाही. खात्री करायची तर इंजिन आयडलवर ठेवून स्पिंडलच्या टोकांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस क्षणभर बदलली तर गळती तिथेच आहे. कार्ब्युरेटर क्लीनरच्या स्प्रेनेही हे कळतं, पण तो पेट घेतो आणि एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो. पाणी बरं.

एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. गाडीवर मूळचाच कार्ब्युरेटर असेल आणि बॉडीला तडा नसेल, तर नवा शोधण्याआधी तोच दुरुस्त करता येतो का ते बघा. स्पिंडलच्या भोकांत बुश घालून, नवी नीडल-सीट (फ्लोटने उघडझाप होणारी पेट्रोलची झडप), नवी पॅकिंग आणि डायफ्राम टाकून तो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. बाजारात मिळणारा "युनिव्हर्सल" कार्ब्युरेटर कुठल्याच एका इंजिनासाठी जेट केलेला नसतो.

नंबर कुठे असतो

बॉडीवर दोन प्रकारचे आकडे दिसतात. उठावदार, ओतकामातच आलेला आकडा हा त्या भागाच्या साच्याचा. तो डझनभर वेगवेगळ्या मॉडेलांवर सारखाच असतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. ठोकलेला किंवा पत्र्याच्या टॅगवर छापलेला आकडा कामाचा. तेलकट काजळी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढा. वायर ब्रश लावू नका, मऊ धातूवरचे उथळ आकडे त्याने पुसले जातात. टॉर्च आडवी धरली की पुसट ठोकाही वाचता येतो.

एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्ब्युरेटरवर फ्लोट चेंबरच्या (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणाऱ्या डब्याच्या) झाकणाच्या स्क्रूखाली छोटा टॅग असतो. त्यावर एयूसी, एयूडी किंवा नंतरच्या काळातलं एफझेडएक्स या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. या नंबरावरून नीडल, जेट आणि स्प्रिंग असं सगळं मिळतं. टॅग हरवलेला असणं हे इतकं नेहमीचं आहे की नसला तर दचकू नका. मॉडेलचं नाव मात्र मापावरून निघतं: एच आणि एचएस मालिकेत शेवटचा आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती अष्टमांश इंच. म्हणजे एचएस २ सव्वा इंची, एचएस ४ दीड इंची, एचएस ६ पावणेदोन इंची. एचआयएफ मालिकेत फ्लोट बॉडीच्याच तळाशी असतो, वेगळा लटकणारा डबा नसतो; एचआयएफ ४४ मधला ४४ हा आकडा मिलिमीटरचा आहे. पुढे सक्शन चेंबर (वरची घुमटी) उघडून हवेच्या ओढीने उचलला जाणारा पिस्टन बाहेर काढला की नीडलच्या मानेवर बारीक अक्षरं कोरलेली दिसतात. भिंगाशिवाय वाचू नका. तिथे एक अक्षर चुकलं की सगळ्या वेगात मिक्स्चर चुकतं. पिस्टनच्या स्प्रिंगच्या टोकाला रंग असतो: निळा अडीच औंस, लाल साडेचार, पिवळा आठ, हिरवा बारा. जुन्या स्प्रिंगचा रंग उडालेला असतो आणि कुणीतरी ती "जरा ताणून" ठेवलेली असते. अशी स्प्रिंग सरळ बदला.

झेनिथ-स्ट्रॉमबर्ग सीडी दिसायला एसयूचा चुलतभाऊ, पण पिस्टन रबरी डायफ्रामवर टांगलेला. १२५, १५० आणि १७५ हे आकडे अनुक्रमे सव्वा, दीड आणि पावणेदोन इंच. डायफ्राम फाटला की पिस्टन उचललाच जात नाही. गाडी आयडलला ठीक आणि रेस दिली की मान टाकते. नुसत्या डायफ्रामसाठी पूर्ण कार्ब्युरेटर बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

वेबरवर प्रकार आणि नंबर तळाच्या फ्लँजच्या कडेला किंवा बॉडीवर ठोकलेला असतो. ३२/३६ डीजीव्ही म्हणजे पहिला थ्रॉटल ३२ मिमी, दुसरा ३६ मिमी, आणि दुसरा पहिल्याच्या मागोमाग उघडणारा. मधल्या अक्षरावरून चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी पाकळी) कळतो: डीजीव्ही हाताचा, डीजीएव्ही पाण्याने गरम होणारा, डीजीईव्ही विजेचा. डीएफव्ही हा डीजीव्हीची आरशातली प्रतिमा आहे, त्यामुळे लिव्हर आणि पेट्रोलची नळी उलट्या बाजूला येते. ऑर्डर देताना इथेच घोळ होतो. ४० डीसीओई मधला ४० हा थ्रॉटलचा व्यास, आतल्या चोक ट्यूबचा (म्हणजे व्हेंच्युरीचा) नव्हे. तीच बॉडी ३० च्या चोकनेही येते आणि ३४ च्याही, आणि गाडी कशी चालणार ते चोकवर ठरतं. म्हणून बॉडीवरच्या नंबराइतकंच आतल्या मेन जेट, एअर जेट, आयडल जेट आणि इमल्शन ट्यूबवरचे आकडे लिहून घेणं महत्त्वाचं. वेबरच्या मेन जेटवर १४० लिहिलं असेल तर भोक १.४० मिमीचं.

सोलेक्समध्येही जेटचे आकडे मिलिमीटरच्या शतांशातच. फोक्सवॅगन बीटलवरचा ३० पिक्ट, ३१ पिक्ट, ३४ पिक्ट ३ हे प्रकार बॉडीवर ठोकलेले सापडतात. इथे सांगण्यासारखी गोष्ट कार्ब्युरेटरच्या बाहेरची आहे: ३४ पिक्ट हा व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे नेणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरसोबत चालावा असा बनलेला आहे. त्याच्यासोबत फक्त वजनांवर चालणारा ००९ डिस्ट्रिब्यूटर लावला की पाय दाबताक्षणी गाडी अडखळते, आणि लोक कार्ब्युरेटर दोनदा बदलतात. दुसरी खबरदारी व्होल्टेजची. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचा चोक आणि सोलेनॉइड (आयडलचं पेट्रोल विजेने चालू-बंद करणारी झडप) लावला तर चोक उघडायलाच खूप वेळ लागतो आणि सोलेनॉइड ओढलाच जाईल याची खात्री नाही. उलट केलं तर जळतो.

अमेरिकन गाड्यांत हॉलीचा नंबर वरच्या चोकच्या मनोऱ्यावर "लिस्ट" या शब्दापुढे ठोकलेला असतो. लिस्ट १८५० म्हणजे ६०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा), व्हॅक्यूमवर गळ्यांची दुसरी जोडी उघडणारा. त्यानंतरचा डॅश आणि आकडाही लिहून घ्या. त्याशिवाय किटमधलं पॅकिंग चुकतं. रोचेस्टर क्वाड्राजेटचा नंबर मुख्य बॉडीच्या डाव्या मागच्या बाजूला उभा ठोकलेला असतो. ७०२९ ने सुरू होणारा १९६९ चा, ७०४१ ने सुरू होणारा १९७१ चा. १९७६ पासून सुरुवात १७० ने होते. कार्टर एएफबीचा नंबर तळाच्या फ्लँजच्या पुढच्या कडेवर असतो, शिवाय वरच्या झाकणाच्या स्क्रूखाली पितळी टॅग असायचा. ऑटोलाइट २१०० वर टॅग गेला असला तरी फ्लोटच्या डब्याच्या डाव्या बाजूला गोलात १.०८, १.१४, १.२१ असा आकडा ओतलेला असतो. तो व्हेंच्युरीचा व्यास, इंचात. हा एक ओतीव आकडा मात्र कामाचा.

नंबर मिळाला तरी त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. दुरुस्ती करून विकणारे कारखाने मूळ नंबर घासून स्वतःचा ठोकतात. एकाचं झाकण, दुसऱ्याची बॉडी, तिसऱ्याचा तळ असा जोडलेला कार्ब्युरेटरही मिळतो. नंबर सांगतो ते माप आणि आतला जेट जुळतो का, हे ताडून बघा. आणि त्याआधी इंजिनाचा नंबर वाचा. पन्नास वर्षांच्या गाडीत इंजिन मूळचंच असेल असं धरून चालता येत नाही. कार्ब्युरेटर इंजिनाला लागतो, बॉनेटवरच्या नावाला नाही.

नंबरच नसेल तर

व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि हे मोजा: फ्लँजच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, थ्रॉटलच्या जागचा आतला व्यास, व्हेंच्युरीचा सर्वात अरुंद व्यास, एअर क्लीनर बसतो त्या गळ्याचा बाहेरचा व्यास, फ्लँजपासून माथ्यापर्यंतची उंची. मग नळ्या मोजा आणि त्या कशासाठी आहेत ते लिहा. डिस्ट्रिब्यूटरची नळी, ब्रेक बूस्टरची जाड नळी, क्रँककेसच्या वाफेची नळी, पेट्रोल परत टाकीकडे नेणारी नळी. लिव्हर कोणत्या बाजूला, ओढतो की ढकलतो, केबलवर की दांड्यावर. ही यादी आणि इंजिनाचा नंबर हातात असला की त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या तांत्रिक तक्त्याशी पडताळून बहुतेक वेळा नेमका प्रकार निघतो.

डिस्ट्रिब्यूटरच्या नळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. काही इंजिनांत ती थ्रॉटलच्या किंचित वर उघडते, म्हणून आयडलला तिथे व्हॅक्यूम नसतो आणि पाय दाबला की येतो. काही इंजिनांत ती थेट मॅनिफोल्डमधून येते आणि आयडललाच टायमिंग पुढे असतं. बदललेल्या कार्ब्युरेटरवर दोन्ही तोट्या असतील तर मूळ जशी होती तशीच जोडा. तपासायला नळी काढून बोट लावा: आयडलला बोट ओढलं जात असेल तर मॅनिफोल्डची, नसेल आणि रेस दिल्यावर ओढलं जात असेल तर थ्रॉटलच्या वरची.

मूळचा मिळतच नसेल तर

तेव्हा मापाचा हिशोब करा. इंजिनाला लागणारी हवा सीएफएममध्ये काढायची तर लिटर गुणिले कमाल आरपीएम, भागिले ५६.६, गुणिले ०.८. दोन लिटरचं इंजिन ५५०० आरपीएमवर: ११००० भागिले ५६.६ म्हणजे सुमारे १९४, त्याचे ८० टक्के सुमारे १५५. पाच लिटरचं त्याच वेगावर सुमारे ३९०. मोठा कार्ब्युरेटर बसवला की ताकद वाढते ही समजूत फार चिवट आहे. हवा खेचतं इंजिन. गळा गरजेपेक्षा मोठा असला की कमी वेगात व्हेंच्युरीतून हवा संथ जाते, जेटमधून पेट्रोल ओढण्याइतका जोर राहत नाही आणि नेमक्या रोजच्या वापराच्या वेगात गाडी मंद होते. आणखी एक सापळा: दोन गळ्यांचे कार्ब्युरेटर ३ इंच व्हॅक्यूमवर मोजलेले असतात, चार गळ्यांचे दीड इंचावर. दोघांची तुलना करायची तर दोन गळ्यांच्या आकड्याला १.४१ ने भागा. ३५० लिहिलेला दोन गळ्यांचा म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २५०.

पेट्रोल पंपाचा दाब विसरू नका. वेबर साधारण अडीच ते साडेतीन पीएसआयवर (चौरस इंचावर पौंड) खूश असतो, हॉली पाच ते सातवर. हॉलीसाठी लावलेला पंप तसाच ठेवून वेबर बसवला तर नीडल व्हॉल्व्ह दाबाने उघडी राहते आणि गळ्यातून पेट्रोल वाहतं. रेग्युलेटर लावा, आणि दाब गेजने मोजा. रेग्युलेटरवरच्या खुणांवर जाऊ नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत थ्रॉटलला जोडलेली केबल गिअरबॉक्सकडेही जाते. काही गिअरबॉक्समध्ये ही केबल फक्त खालचा गिअर पाडते. जनरल मोटर्सच्या ७००आर४ आणि २००-४आर मध्ये मात्र तिच्यावरच आतल्या तेलाचा दाब ठरतो. नव्या लिव्हरवर ती केबल जोडायची जागा स्पिंडलपासून चुकीच्या अंतरावर असली तर क्लच घसरून गिअरबॉक्स जळतो, आणि तो फार वेळ घेत नाही. त्यासाठीचा योग्य लिव्हर किंवा ब्रॅकेट मिळेपर्यंत गाडी चालवू नका.

बसवण्याआधी टेबलावर

नवा असो की दुरुस्त केलेला, थेट इंजिनावर चढवू नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून भोकं, खोबणी, नळ्या, लिव्हरचा फेरा एकेक करून ताडा. थ्रॉटल बंद करून उजेडासमोर धरा: पाकळीच्या कडेने सगळीकडे सारखी बारीक फट हवी. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पाकळी मध्यावर बसलेली नाही. तिचे स्क्रू सैल करून बसवून पुन्हा आवळा आणि स्क्रूची टोकं पूर्वीसारखीच दाबून घ्या, नाहीतर एक दिवस ते स्क्रू इंजिनात जातील.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. प्लॅस्टिक फेसाचा फ्लोट फुटत नाही, तो वर्षांनंतर पेट्रोल शोषून जड होतो. त्याची लेव्हल कितीही बसवा, ओव्हरफ्लो थांबणार नाही. लेव्हलचं माप मॅन्युअलमधलंच घ्या. एसयू एचएसच्या नायलॉन फ्लोटमध्ये झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकण यांच्यात एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच फट असते.

जेट साफ करताना तार घालू नका. पितळ मऊ असतं, एका ओरखड्याने १२० चं जेट १२० राहत नाही. दाबाची हवा पुरते.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरात असेल तर जुने कॉर्क, जुनं रबर आणि जुन्या डायफ्रामचा भरवसा सोडा आणि इथेनॉल चालणारं किट घ्या. मिक्स्चरही थोडं लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, दहा टक्के इथेनॉलला सुमारे १४.१. काठावर जेट केलेल्या इंजिनाला मेन जेट एक पायरी वाढवावं लागतं. उंच प्रदेशात उलट: हवा विरळ, म्हणून दर २००० फुटांमागे साधारण एक पायरी कमी.

काढणं

इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, जवळपास पायलट ज्योत किंवा हीटर नको. सगळ्या नळ्या, तारा, स्प्रिंग यांचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टीचा टॅग लावा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न करणारे नंतर दोन तास दुसऱ्या कुणाच्या तशाच गाडीचे फोटो शोधत बसतात.

पेट्रोलची नळी काढताना खाली चिंधी धरा आणि टोकाला बूच मारा. युनियनवर दोन पाने लावा, एक धरायला, एक फिरवायला. एकट्या पान्याने पितळी सीट बॉडीतून पिळून निघते. फ्लँजचे नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे ढिले करा. कार्ब्युरेटर चिकटला असेल तर लाकडी हातोडीने हलका ठोका, पॅकिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. उचलल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं भरा, पण एवढं मोठं की विसरून आत राहणार नाही. वॉशर मॅनिफोल्डमध्ये पडला तर पुढचं काम इंजिन उघडण्याचं.

जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडा. मग सरळपट्टी आडवी ठेवून फ्लँज तपासा. ०.१ मिमीचा फीलर तिच्याखालून सहज जात असेल तर फ्लँज वाकलाय; वर्षानुवर्षं जास्त आवळल्याचा हा परिणाम. सपाट काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून तो सरळ करता येतो. आटे गेलेले स्टड आत्ताच बदला.

बसवणं

कार्ब्युरेटरखालचा बेकलाइटचा जाड ठोकळा शोभेचा नाही. तो मॅनिफोल्डची उष्णता अडवतो. तो काढून टाकला किंवा पातळ घेतला की गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना त्रास देते, कारण फ्लोटमधलं पेट्रोल उकळून गळ्यात ओघळलेलं असतं. तडा नसलेला ठोकळा वापरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग घाला. जास्त जाड घेतला तर बॉनेट एअर क्लीनरला लागतं. बंद करण्याआधी माथ्यावर मातीचा गोळा ठेवून हलकं दाबून पाहा.

पॅकिंग कार्ब्युरेटरच्या तळाशी आणि मॅनिफोल्डशी, दोन्हींशी लावून बघा. किटमध्ये तीन-चार जवळपास सारखी पॅकिंग येतात. एखादी खोबण उघडी राहिली की कायमची हवा खेचली जाते. भोक झाकलं गेलं की आयडलच येत नाही. सिलिकॉन लावू नका. पेट्रोलने ते फुगतं, सुटतं, आणि त्याचे धागे जेटमध्ये जाऊन बसतात. कोरडं पॅकिंग, स्वच्छ फ्लँज, एवढंच.

नट आधी बोटांनी, मग तिरप्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत. हॉलीच्या पाच षोडशांश इंची स्टडना फक्त ७ ते ९ न्यूटन-मीटर लागतात. लहान पाना, मनगटाचा जोर, बस्स. डीसीओई वेबर रबरी ओ-रिंगवर तरंगता बसवतात: त्याचे दुपदरी स्प्रिंग वॉशर पूर्ण दाबायचे नसतात, पदरांत सुमारे अर्धा मिमी फट राहायला हवी. घट्ट आवळले तर इंजिनाची थरथर थेट फ्लोटच्या डब्यात जाते आणि पेट्रोलला फेस येतो. गाडी ठरावीक रेसवरच अडखळत असेल तर हे नट आधी बघा.

आता लिंकेज. इंजिन बंद असतानाच कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि गळ्यात बघा. पाकळी अगदी उभी झाली पाहिजे. सोडल्यावर चटकन मिटली पाहिजे, एअर क्लीनर बसवल्यावरसुद्धा. परत खेचणाऱ्या स्प्रिंग दोन ठेवा. एक तुटली तरी थ्रॉटल उघडा राहणार नाही. विजेचा चोक किंवा आयडलचा सोलेनॉइड असेल तर वीज इग्निशनच्या किल्लीवर मिळणाऱ्या पूर्ण व्होल्टेजवरून घ्या, कॉइलवरून नको. बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीत कॉइलपाशी व्होल्टेज कमी असतं, चोक अर्धवट उघडतो आणि शिवाय इग्निशनही कमजोर होतं.

एसयू आणि स्ट्रॉमबर्गच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल मंद करणाऱ्या तेलाच्या पोकळीत) एसएई २० चं हलकं तेल घाला. एसयूमध्ये डॅम्परच्या (त्या तेलात बुडणाऱ्या दांडीच्या) टोपीला हवेचं भोक असेल तर तेल पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच, भोक नसेल तर दांड्याच्या टोकापासून अर्धा इंच खाली. तेल नसेल तर रेस देताना गाडी अडखळते. लोक त्यासाठी प्लग बदलतात.

पहिला स्टार्ट आणि सेटिंग

इलेक्ट्रिक पंप असेल तर इंजिन न फिरवता पंप चालू करून सगळे जोड बघा, एकही थेंब नको. यांत्रिक पंप असेल तर इग्निशनची तार काढून थोडा वेळ स्टार्टर फिरवा. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतत कुणी उभं राहू नये. बॅकफायर झाला तर ज्योत तिथूनच वर येते, म्हणून स्टार्ट करताना एअर क्लीनर बसवलेलाच असावा.

सेटिंग पूर्ण गरम इंजिनावर, चोक पूर्ण उघडा असताना, आणि टायमिंग बरोबर करून झाल्यावरच. वेबर, सोलेक्स, हॉली यांच्या आयडल मिक्स्चर स्क्रूला आत फिरवलं की मिक्स्चर लीन होतं. आधी अगदी हलक्या हाताने टेकवा, मग दीड फेरा बाहेर काढून सुरुवात करा. जोराने टेकवला तर टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कधीच नीट ट्यून होत नाही. व्हॅक्यूम गेजवर काटा सर्वात वर येईपर्यंत थोडा थोडा फिरवा, मग आयडलची रेस वेगळ्या स्क्रूने खाली आणा, आणि पुन्हा मिक्स्चर. हॉलीचा फ्लोट बाजूच्या पितळी बुचातून दिसतो: आयडलला पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला नुकतं टेकलेलं असावं.

एसयूमध्ये सगळंच निराळं. पिस्टन काढून जेट पुलाशी (गळ्यातल्या उंचवट्याशी) सपाट आणा, मग जेटखालचा नट दोन फेरे, म्हणजे बारा बाजू, खाली. नट वर गेला की लीन, खाली आला की रिच (पेट्रोल जास्त). एकावेळी एकच बाजू फिरवा. मग बॉडीखालची पिस्टन उचलायची पिन वापरून पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. रेस क्षणभर किंचित वाढून पुन्हा बसली तर बरोबर. वाढून तशीच राहिली तर रिच. पडली किंवा इंजिन बंद झालं तर लीन. जोडीचे कार्ब्युरेटर असतील तर आधी दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सोडून दोघांची हवा सारखी करा, नंतर मिक्स्चर, मग क्लॅम्प. क्रम उलटा झाला की तासभर गोल फिरत बसाल. पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो पुलावर टकटक आवाज करत पडायला हवा. आवाज मंद किंवा अडकलेला वाटला तर जेट मध्यावर नाही किंवा नीडल वाकली आहे. नीडलचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट बसलाय का, हेही तेव्हाच बघा.

बसवल्यावर दिसणाऱ्या खोड्या

रेस खाली येत नाही: लिंकेज ताणलेलं आहे, पाकळी मध्यावर नाही, दुसरा थ्रॉटल पूर्ण मिटत नाही किंवा पॅकिंगखालून हवा येते. मिक्स्चर स्क्रू फिरवून यातलं काहीच सुटत नाही.

पाय अचानक दाबल्यावर क्षणभर मान टाकते: अॅक्सिलरेटर पंप (पाय दाबताच जादा पेट्रोलची धार सोडणारा छोटा पंप). इंजिन बंद करून गळ्यात पाहा, लिव्हर हलवल्याबरोबर पेट्रोलची सरळ धार यायला हवी. धार उशिरा आली तर पंपाच्या दांड्याची लांबी, आलीच नाही तर झडपेतली छोटी गोळी अडकलेली किंवा हरवलेली.

एकसारख्या वेगात चालवताना गाडी हळूच ओढल्या-सोडल्यासारखी वाटते: मेन जेट लीन आहे किंवा फ्लोटची लेव्हल खाली आहे. चढावर जोर लावल्यावरच असं होत असेल तर पंपाचा दाब आणि टाकीपासूनचा फिल्टर बघा.

काळा धूर, प्लगवर कोरडी काजळी: चोक मिटलेलाच राहिलाय, फ्लोटची लेव्हल वर आहे, किंवा हॉलीत पॉवर व्हॉल्व्हचा (जोर लागताना जादा पेट्रोल देणाऱ्या झडपेचा) डायफ्राम फुटलाय. या व्हॉल्व्हवर ६५ लिहिलं असेल तर तो साडेसहा इंच व्हॅक्यूमला उघडतो. आयडलचा व्हॅक्यूमच त्याहून कमी असेल तर तो सदा उघडा राहणार.

पेट्रोलची गळती बंद असताना होते, चालताना नाही: नीडल-सीटमध्ये कचरा. नव्या कार्ब्युरेटरमध्येही होतं, कारण जुन्या नळीच्या आतला चुरा आता सैल होऊन पुढे येतो. म्हणून नळी नवी, इथेनॉल चालणारी, आणि फिल्टर पंपाच्या पुढे, एक्झॉस्टपासून लांब.

शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर थंड इंजिनावर फ्लँजचे नट एकदा पुन्हा तपासा. नवं पॅकिंग दबतं आणि नट सैल पडतात. जुना कार्ब्युरेटर टॅगसकट पिशवीत घालून, गाडीचा आणि इंजिनाचा नंबर लिहून ठेवून द्या. त्याचे जेट, लिव्हर आणि मूळ बॉडी पुढे कधीतरी लागतातच.